एका कान्याचा ऑपेरा

धाकट्याने आईकडे, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या सासूबाईंकडे, वही मागितली तेव्हा त्या गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसल्या होत्या. पाय गरम पाण्यात असताना त्या कोणाला नाही म्हणत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटा तर लहानपणापासून आपल्या सगळ्या मागण्या हाच मुहूर्त गाठून करत आला होता.

"तुझ्या लढाईतल्या वहीवर मला चेंबर ऑपेरा करायचाय," तो म्हणाला.

सासूबाईंनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला नळांची आणि गटारांची कामं घ्यायचा. चेंबर हा शब्द त्याच्या तोंडून घरात रोज यायचा आणि दर वेळी ते चेंबर तुंबलेलं असायचं.

"त्याच्याकडे काय बघतेस? हे गाण्याचं चेंबर आहे," धाकटा म्हणाला. "छोट्या खोलीत करायचं. वाद्यं एक-दोन. गाणारी एकच. बोलणं वगैरे नाही, सगळं गाऊनच सांगायचं."

"एकटीच? मग ती भांडते कोणाशी?"

"स्वतःशी."

"त्याला खोली कशाला लागते," असं म्हणून सासूबाईंनी पाय आणखी थोडे खोल सोडले. "घे वही. पण एक ऐकून ठेव. मी चौदा वर्षांची असताना लिहिलंय ते, आणि त्यात एक शब्द खोटा नाही. मी पुढच्या रांगेत बसणार. तुम्ही एक शब्द जरी पदरचा घातलात, तर मी उठून चालती होईन. मग तुझा ऑपेरा गेला चेंबरात."

ही पोकळ धमकी नव्हती. सासूबाई थोरल्याच्या लग्नातून उठून गेल्या होत्या. भाषण करणाऱ्या कुणीतरी त्यांच्या बहिणीचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, आणि बहीण शेजारी बसून लाजत राहिली, एवढंच निमित्त. शोधाशोध झाली तेव्हा त्या बसच्या थांब्यावर सापडल्या, हातात नवरानवरीला द्यायची भेट तशीच. खोटं त्यांना पचतच नसे. आजारी माणसाला त्या "बरा दिसतोस" असंसुद्धा म्हणत नसत, त्यामुळे दवाखान्यात त्यांना कोणी बरोबर नेत नसे.

आता ही एकटी गाणारी कोण, तर वहिनी. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी. पण त्याचं ऐकून साथीच्या पियानोवाल्या बाईंपासून तालमी चालत त्या वाचनालयाच्या शिपायापर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले, तेव्हा आपणही तेच म्हणू.

वहिनी लग्नाच्या आधीपासून समूहगानात गायची. गायची म्हणजे मागच्या रांगेत, अगदी कडेला, खांबाच्या आड उभी राहायची. गाण्यात वरच्या सुरांची जागा आली की गुरुबाई तिच्याकडे बोट करून सांगायच्या, "तुम्ही नुसतं तोंड हलवा." वहिनीने वर्षानुवर्षं इतकं मन लावून तोंड हलवलं, की पुढे बसलेल्यांना वाटायचं, सगळ्यात मोठा आवाज हिचाच. पन्नाशी दारात येऊन उभी राहिली तरी खांब काही हलला नाही.

मग एक दिवस धाकट्याचा सदरा इस्त्री करताना तिला चटका बसला. ती ओरडली. शेजारच्या खोलीत धाकटा पियानोशी डोकं आपटत बसला होता, तो ताडकन उठला. वहिनीला वाटलं, मलम घेऊन येईल. तो आला आणि म्हणाला, "परत ओरड."

"काय?"

"परत ओरड वहिनी. तसंच. अगं, हा सूर समूहगानातल्या कोणाच्या बापाला लागणार नाही."

त्या दिवसापासून वहिनी बदलली. बोटाला पट्टी बांधून ती न्हाणीघरात जायची, दार लावायची आणि तो वरचा सूर शोधायची. पहिले काही दिवस इस्त्री जवळ घेतल्याशिवाय तो सापडत नव्हता. मग नुसती इस्त्री आठवली तरी लागू लागला. आणि एका सकाळी काहीच न आठवता, डोळे मिटून, आ करून लावला, तो तसाच उभा राहिला. वहिनी खाली बसली आणि रडली. इतकी वर्षं आपल्या गळ्यात हा होता आणि आपण तोंड हलवत होतो, याचं तिला वाईटही वाटलं आणि हसूही आलं. सासूबाईंची खोली भिंतीपलीकडेच होती. त्या यावर बरं म्हणाल्या नाहीत की वाईट म्हणाल्या नाहीत.

तिकडे धाकट्याची मात्र वही वाचून दमछाक झाली होती. शहराला वेढा पडलेला, गोळे पडताहेत, तळघरात माणसं कोंबलेली, आणि वहीत काय? तर बहिणीने माझा कंगवा पळवला. मोजे वाळले नाहीत. जिन्याखालच्या कोंबडीने आज अंडं दिलं नाही, माझ्यावर रुसली असावी. परत कंगवा. परत मोजे. धाकटा एका मोठ्या संगीतशाळेत शिकून आला होता. त्याला हृदय पिळवटून टाकणारं काहीतरी हवं होतं, आणि त्याच्या आईने लढाईत फक्त मोजे पिळले होते. तरी त्याने हार मानली नाही. "मोजे वाळले नाहीत" या तीन शब्दांवर त्याने असं काही दुःखी गाणं बांधलं, की ऐकताना पायच ओले झाल्यासारखे वाटावेत.

आणि मग त्याला ते पान सापडलं. पानावर डाग होते, शाई पसरली होती, पण वाक्यं तीनच होती: आज सकाळी बाँब फुटला. सगळं गेलं. आंसू आवरेना.

धाकटा डोकं धरून बसला. आईने एवढं सोसलं आणि जन्मात कधी चकार शब्द काढला नाही. त्याने थोरल्याला सांगितलं, वहिनीला सांगितलं, तिघेही गहिवरले. आईला विचारायचं मात्र कोणी नाही, असं ठरलं. असल्या जखमेवरची खपली काढू नये. त्या पानावर त्याने ऑपेराचा कळस चढवला. बाकी सगळं गाणं हळू, खालच्या सुरात, मोजे, कंगवा, कोंबडी. आणि मग एकदम "बाँऽऽऽब", वहिनीचा तो वरचा सूर, श्वास संपेपर्यंत.

त्या सुराच्या जोडीला बाँबचा आवाज हवा म्हणून एक थाळीवाला आणला. बँडात वाजवणारा उंच, सुतकी चेहऱ्याचा माणूस. त्याच्याकडे लाकडी चौकटीत टांगलेली एक पितळी थाळी होती, जेवायची म्हटली तर अख्ख्या पंगतीला पुरेल एवढी. ऑपेराभर त्याला एकच टोला होता. थाळी कानाशी असल्याने तो दोन्ही कानांत कापूस घालून बसे, म्हणजे त्याला गाणं ऐकू येतच नसे. तो वहिनीच्या तोंडाकडे बघत राही. तोंड मोठ्ठं उघडलं की टोला. एकदा तालमीत वहिनीला जांभई आली आणि पियानोवाल्या बाई स्टुलावरून खाली पडल्या.

तालमी वाचनालयात, वर्तमानपत्रं वाचायच्या खोलीत चालत. कोपऱ्यात पियानो, मध्ये एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा. थोरल्याने नळाच्या पाइपांना पडदा लावून दिला होता. तो सुरेख सरकायचा, फक्त सरकताना पाणी आल्यासारखा आवाज करायचा.

प्रयोगाचा आठवडा आला आणि घरातला गीझर बिघडला. थोरला स्टुलावर चढून पाना फिरवत होता. वहिनी दारात बसून प्रयोगात घालायच्या झग्याची बटणं शिवत होती. सासूबाई खुर्ची ओढून देखरेखीला बसल्या होत्या.

"जपून रे," त्या म्हणाल्या. "फुटेल. आमचा बंब फुटला होता ना लढाईत, तसा."

वहिनीची सुई थांबली. "कोणता बंब?"

"कोणता म्हणजे? पाणी तापवायचा. वहीत लिहिलाय की. तुम्ही वाचलीत ना वही?"

"बंब, आई?"

"बंब. तांब्याचा. महिनाभर आंघोळ नव्हती. त्या दिवशी कुठून तरी लाकडं मिळाली. मला काय कळतंय, मी सगळी एकदम कोंबली आणि पाणी घालायचं विसरले. असा धडाका झाला! अख्खी इमारत तळघरात. मी वर एकटी, टॉवेल गुंडाळलेली, नखशिखान्त काजळी. खालून बाबा ओरडले, काय झालं? मी वरून ओरडले, बंब फुटला. ते म्हणाले, अगं बाँब फुटला ते कळलं, तू कशी आहेस? मी म्हटलं, बाँब नाही, बंब. ते म्हणाले, तेच म्हणतोय आम्ही. असं कितीतरी वेळ चाललं." सासूबाई आता आतल्या आत हलायला लागल्या होत्या. "मग धीर करून सगळे वर आले. बाबांच्या काखेत कोंबडी. माझा अवतार बघितला आणि बाबा हसायला लागले. लढाई सुरू झाल्यापासून ते हसले नव्हते गं. मग आई, मग शेजारी, मग जिन्यात जो तो. कोणाला थांबताच येईना. शेवटी पोटं धरून पायऱ्यांवर बसलो सगळे. हांसू आवरेना, तसंच लिहिलंय मी. आणि आंघोळ गेली ती गेलीच. लाकडं गेली, बंब गेला, सगळं गेलं."

थोरला स्टुलावर तसाच उभा राहिला, पाना वर धरून. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलंच नाही असं दाखवून गीझरमध्ये डोकं घातलं.

"ते वाक्य घेतलंय ना ऑपेरात?" सासूबाईंनी विचारलं. "मी मुख्य त्याच्यासाठी येणार आहे. बाबांची फार आठवण येते त्याने."

"घेतलंय," वहिनी म्हणाली, आणि बटण भलतीकडेच शिवलं.

संध्याकाळी तिने वही खिडकीपाशी नेऊन ते पान उजेडात धरलं. ‘ब’च्या पुढचा काना हा काना नव्हताच. शाईचा ओघळ होता, आणि टिंबाखालचा चंद्र म्हणजे डागाची कड. आणि ‘आंसू’मधल्या ‘आ’च्या पोटात, नीट पाहिलं तर, डागाखाली ‘हा’ बसलेला होता. ध चा मा म्हणतात तो हा. एका ओघळाने बंबाचा बाँब केला आणि एका डागाने हसणाऱ्या माणसांना रडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत तिने धाकट्याला सांगितलं. धाकटा पांढराफटक पडला.

"बंब?"

"बंब."

थाळीवाल्याने सगळ्यांचे चेहरे बघून कानातला कापूस काढला. "कोण गेलं?"

"बाँब गेला," पियानोवाल्या बाई म्हणाल्या. "बंब होता म्हणे. पाण्याचा."

थाळीवाल्याने थाळीकडे पाहिलं. "ही थाळी मी जिन्यावरून वर आणली," तो म्हणाला, "ती बंबासाठी?"

"बंबावर ऑपेरा होत नाही वहिनी," धाकटा म्हणाला.

"मोज्यांवर झाला की."

"मोज्यांत दुःख आहे! आणि समज, केला बदल. तो सूर कसा लावशील? ‘बाँ’ला तोंड उघडतं. ‘बं’ला मिटतं. लावून दाखव."

वहिनीने लावला. ओठ मिटले आणि तो सूर, तिचा तो न्हाणीघरातला उभा सूर, गपकन नाकात शिरला.

"माशी आली का कुठून?" पियानोवाल्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"‘ब’च लांबवते," वहिनी म्हणाली, आणि "बऽऽऽ" करून लांबवला. बाहेर जिन्यात शिपाई कोणाला तरी म्हणाला, की वाचनालयात बकरी शिरली आहे.

धाकट्याने तिला बाजूला नेलं. "हे बघ. आईला ऐकू कमी येतं. तू खुशाल बाँ म्हण, ती बं ऐकेल. लोकांना बाँब मिळाला, तिला बंब मिळाला, तुला सूर मिळाला. कोणाचं काय बिघडलं?"

बोलणं चोख होतं. फक्त सासूबाईंना हवं तेवढं सगळं ऐकू येत असे आणि नको तेवढंच कमी येत असे, हे वहिनीला त्यांच्या पोटच्या पोरापेक्षा जास्त माहीत होतं. आणि ऐकू आलं नाही तरी काय? बाईने विश्वासाने वही दिली होती. बापाची आठवण काढायला येणार होती. तिच्या समोर उभं राहून तिच्याच बापाला रडवायचं?

पण वहिनीला तो सूर हवा होता. हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. त्या सुरासाठी ती पहाटे उठत होती. खांबाआड काढलेली सगळी वर्षं त्या एका ‘बाँ’वर फिटणार होती, आणि असा दुसरा ऑपेरा तिच्यासाठी कोण लिहिणार होतं? तिच्यापुढे इकडे आड आणि तिकडे विहीर. त्यात थोरल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी पडदा ओढतो. बाकी तुझं तू बघ."

प्रयोग दुपारी होता. खोली भरली. समूहगानाच्या गुरुबाईसुद्धा आल्या होत्या आणि सवयीने खांब शोधून त्याच्याजवळ बसल्या होत्या. पुढच्या रांगेत मधोमध सासूबाई, नवे बूट, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. पडदा पाणी आल्यासारखा सरकला.

मोजे छान झाले. कुणीतरी नाक शिंकरलं. कंगव्याला लोक हसू दाबत होते आणि धाकटा पियानोशेजारी उभा राहून कपाळाचा घाम पुसत होता. कोंबडीच्या वेळी सासूबाईंनी शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "पांढरी होती ती," आणि मग ते पान आलं.

तोपर्यंत वहिनीचं ठरत नव्हतं. "आज सकाळी" म्हणेपर्यंतसुद्धा ठरलं नव्हतं. मग तिची नजर सासूबाईंवर गेली. त्या किंचित पुढे वाकल्या होत्या आणि हसायच्या तयारीत होत्या. झालं, ठरलं. वहिनीने ओठ मिटले.

"बंऽऽऽ," ती गायली. सूर नाकातून निघाला, थोडा वर गेला, कुठे जावं ते न कळून घुटमळला आणि विझला.

थाळीवाला मोगरी उगारून वहिनीच्या तोंडाकडे बघत होता. तोंड उघडलंच नाही. तो तसाच राहिला. पियानोवाल्या बाईंनी तिथली सुरावट पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा, जरा रागावून. धाकट्याने डोळे मिटून घेतले. गुरुबाईंनी शेजारच्या बाईंकडे बघून मान हलवली. मी म्हटलंच होतं, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता आणि तो वहिनीला दिव्याच्या उजेडातून स्वच्छ दिसला. एवढं झाल्यावरही तिला वाटलं, सासूबाईंकडे बघावं, निदान त्या तरी हसत असतील.

सासूबाई उठल्या होत्या.

खुर्ची करकरली. रांगेतल्या माणसांनी त्यांना बाहेर पडायला गुडघे बाजूला घेतले. थोरल्याने घाबरून पडद्याच्या दोरीला हात घातला. पण सासूबाई दाराकडे वळल्या नाहीत. त्या तिथेच उभ्या राहिल्या, पर्स काखेत मारून.

"तो सूर कुठाय?" त्या म्हणाल्या.

वहिनीला काय करावं कळेना. ऑपेरात मध्येच बोलायचं नसतं, पण सासूला उत्तर न देणंही बरं नव्हे. "आई," ती हळूच म्हणाली, "बंब होता ना?"

"बंब होता ते मला सांगतेस? मीच फोडला तो. मी सूर विचारतेय. किती महिने झाले, रोज सकाळी भिंतीपलीकडून आ आ आ ऐकतेय मी. आधी नीट लागत नव्हता, तेव्हा मला वाटायचं, हिचं काही खरं नाही. मग लागला. लागला त्या दिवशी चहा घेताना हात थांबला माझा. तो ऐकायला एवढ्या माणसांना घेऊन आलेय मी. ह्या सगळ्यांना सांगून ठेवलंय." त्यांनी मागच्या दोन रांगांकडे हात केला आणि मागच्या दोन रांगांनी माना डोलावल्या. "तो गिळलास कुठे?"

"बं म्हटलं की लागत नाही आई. तोंड मिटतं. बाँ म्हटलं तरच लागतो."

सासूबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने पियानोकडे पाहिलं. सासूबाईंना सगळं कळायला तेवढं पुरलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते बघून थोरल्याला आपलं लग्न आठवलं.

"मग बाँ म्हण," सासूबाई म्हणाल्या.

"पण ते खोटं आहे."

"खोटं बोलायचं तर रेटून बोल. नाकातल्या नाकात काय बोलतेस?" आणि त्या खाली बसल्या. "मागून घ्या हो पियानोबाई. ‘आज सकाळी’पासून."

पियानोवाल्या बाईंनी मागून घेतलं. वहिनी पुन्हा टेबलापाशी उभी राहिली. "आज सकाळी," ती गायली, आणि मग तिने आ केला.

सूर लागला. न्हाणीघरात लागायचा त्याहून चांगला लागला. तो वर गेला, जिथे जायचा होता तिथे पोचला आणि तिथेच थांबला, आणि वर्तमानपत्रांच्या कपाटाच्या काचा बारीक थरथरल्या. वहिनीला आता गुरुबाई दिसत नव्हत्या की खांब दिसत नव्हता. तिला एवढंच कळत होतं, की हा आवाज आपला आहे आणि समोर बसलेली म्हातारी तो ऐकते आहे.

थाळीवाल्याने तोंड उघडलेलं पाहिलं. मघाचा राहिलेला टोला आणि आताचा, दोन्ही त्याने एकातच घातले. असा काही दणका बसला, की थाळी खुंटीवरून निसटली, जमिनीवर पडली, कडेवर उभी राहिली आणि घरंगळत निघाली. लोकांनी पाय वर घेतले. थाळी मधल्या वाटेने खणखणत शेवटपर्यंत गेली, भिंतीला आपटली, परत फिरली आणि गुरुबाईंच्या खुर्चीखाली गोल गोल फिरून आडवी झाली. गुरुबाई खुर्चीवर उभ्या होत्या आणि त्यांनी खांबाला मिठी मारली होती.

"अगदी अस्साच आवाज झाला होता," सासूबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

आधी त्या एकट्याच. मग शेजारीण. मग मागच्या दोन रांगा, मग पियानोवाल्या बाई, मग थाळीवाला, ज्याने हसण्यासाठी खास कानातला कापूस काढला. "सगळं गेलं," असं वहिनीला गायचं होतं. ते तिने गायलं, पण "गेलं"वर तिचाही बांध फुटला. पुढचं "हांसू आवरेना" तिने तीनदा सुरू केलं आणि तीनदा हसण्यात बुडालं. धाकटा शेवटी पियानोवर डोकं टेकवून हसत होता की रडत होता ते कळलं नाही. थोरल्याला काय करावं सुचेना म्हणून त्याने पडदा ओढला, आणि पडद्याला पाणी आलं तसे लोक पुन्हा हसले.

मग टाळ्या झाल्या, माणसं पांगली. वहिनी झग्यावरच खुर्च्या गोळा करत होती, कारण वाचनालयाला वर्तमानपत्रांची खोली परत हवी होती. सासूबाई दारापाशी बूट सैल करून बसल्या होत्या. मागच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत त्यांच्याजवळ आले.

"बाई, एक विचारू?" ते म्हणाले. "मला मागे नीट कळलं नाही. नक्की काय फुटलं होतं? बंब की बाँब?"

वहिनीने हातातली खुर्ची तशीच धरली. बहिणीच्या दोन वर्षांसाठी मुलाचं लग्न सोडून गेलेली ही बाई. सासूबाईंनी आजोबांकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं, बराच वेळ.

"बाँब," त्या म्हणाल्या. "चांगला मोठा होता."